तळ कापलेले खांब

शंकूला आकडे आवडत नसत, आकड्यांचे कपडे आवडत. आकडा दिसला रे दिसला, की त्याला कधी एकदा रंगवतो, फुगवतो आणि त्याच्या पाठीमागे सावली सोडतो असं त्याला होऊन जाई. एका बैठकीत त्याने साध्या खांबांच्या जागी हिरवे-जांभळे शंकू उभे केले होते. त्यांचं टोक बघायचं की बूड, हे कुणालाच कळलं नाही, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून ऑफिसात हे नाव पडलं. तोंडावर अर्थात 'साहेब'.

कंपनी लिफ्ट बसवायची आणि शंकू तिच्या तक्रार विभागाचा प्रमुख होता. माणसं लिफ्टमध्ये अडकत, बाहेर निघाली की फोन करत, आणि शंकूचा विभाग मनापासून ऐकून घेई. दुरुस्ती दुसरेच लोक करत. अशा या अवघड कामाबद्दल यंदा आपल्याला सेवाप्रमुखाची जागा मिळावी, अशी शंकूची रास्त अपेक्षा होती. खरं तर जागेपेक्षाही त्या जागेची खोली त्याला हवी होती. सातवा मजला, कोपरा, दोन खिडक्या. बायकोने खिडकीत ठेवायला कुंडीसुद्धा आणून ठेवली होती. आता मालकांपुढे वर्षाचं सादरीकरण फक्कड झालं की काम फत्ते.

सुट्टीच्या दिवशी जेवणाचं टेबल अडवून तो लॅपटॉपवर बसला. स्प्रेडशीट उघडलं आणि आधी तक्रारींच्या प्रकारांचा गोल केला. जाड, तिरपा, चौदा तुकड्यांचा, प्रत्येक तुकडा दुसऱ्याशी भांडण झाल्यासारखा बाजूला सरकलेला.

"हे काय, कुणाचा वाढदिवस आहे?" बायकोने ताटं मांडायला जागा शोधत विचारलं.

"अगं, पृथक्करण आहे ते."

"यातला सगळ्यात मोठा कुठला?"

"हा पुढचा."

"पुढे आहे म्हणून मोठा दिसतोय, की मोठा आहे म्हणून पुढे आलाय?"

"तू ताटं मांड," शंकू म्हणाला.

मग तो मुख्य चार्टकडे वळला. गेल्या वर्षी तक्रारी चारशे बारा, यंदा तीनशे अठ्ठ्याण्णव. मध्यंतरी विभागाचा फोन काही दिवस बंद पडला होता, त्या मुक्या यंत्राचाच हा पराक्रम. पण यंत्राला बढती देत नाहीत. दोन खांब उभे केले, तर ते जुळ्या भावांसारखे दिसायला लागले. कुणाच्या डोक्यावर टोपी घातल्याशिवाय ओळखू येऊ नयेत असे. वर्षभराचं कर्तृत्व, आणि नखाएवढाही फरक नाही!

कंपनीच्या ऑडिटरबाईंनी त्याला मागे एकदा चार्टबद्दल ऐकवलं होतं. "महिन्यामागून महिना दाखवायचा तर रेघ ओढा. दोन गोष्टी ताडून बघायच्या तर खांब उभे करा. आणि खांब शून्यातूनच उगवू द्या हो साहेब, नाहीतर डोळा फसतो." डोळा फसतो हा तोटा आहे असं बाईंना वाटत होतं. शंकूने तो उपयोग म्हणून लक्षात ठेवला होता.

त्याने उभ्या अक्षावर दोनदा टिचकी मारली. 'किमान' असं लिहिलेल्या चौकटीतलं शून्य पुसलं आणि तीनशे शहाण्णव घातलं.

काय सांगावं! गेल्या वर्षीचा खांब मनोरा होऊन उभा राहिला, आणि यंदाचा बिचारा पायपुसण्याएवढा उरला. मग दिसायला स्वच्छ दिसावं म्हणून शंकूने अक्षावरचे आकडे काढून टाकले, खांबांवरचेही काढून टाकले आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तक्रारींचा नायनाट'.

"मालक आकडे वाचत नाहीत," त्याने बायकोला ज्ञान दिलं. "मालक उंची बघतात."

"मग जपून," बायको म्हणाली आणि लॅपटॉप उचलून फ्रिजवर ठेवला.

बैठकीत मालक नेहमीप्रमाणे खुर्चीत विरघळले होते. चौदा तुकड्यांचा गोल आला तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला, आणि त्यात कुठला रंग कशाचा ते शोधून दमल्यावर मिटून घेतला. मग खांब आले. मालक ताठ बसले.

"हे गेल्या वर्षीचं?"

"होय साहेब."

"आणि हे एवढंसं यंदाचं?"

"आपला आशीर्वाद," शंकू लाजून म्हणाला.

मालक उठून पडद्याजवळ गेले. यंदाच्या खांबावर त्यांनी दोन बोटं आडवी ठेवली, तर खांब बोटांखाली झाकून गेला. "म्हणजे संपल्याच की हो तक्रारी! वा! शाब्बास!" ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर, वर्षातून एकदाच येतो तसा, एक विचार आला होता. "मग तक्रार विभाग कशाला हवाय आपल्याला?"



"नाही, म्हणजे... थोड्या आहेत अजून," शंकू म्हणाला.

"किती?"

"तीनशे अठ्ठ्याण्णव."

मालकांनी पुन्हा खांबावर बोटं ठेवली आणि समजूतदारपणे हसले. "अहो, हे दिसतंय की समोर. उगीच विनय कशाला? विभाग जपायला मोठे आकडे सांगताय, कळतं मला. बाई, तुमचं काय म्हणणं?"

ऑडिटरबाईंनी चष्मा पुसला. एवढ्या सावकाश चष्मा पुसणारी बाई शंकूने त्याआधी पाहिली नव्हती. "मी काय सांगणार? चार्ट त्यांचा आहे. खाली काही कापलंय का, तेवढं त्यांनाच विचारा."

"कापलंय?" मालकांनी विचारलं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कापलंय म्हणावं, तर खरे खांब दाखवावे लागणार. ते जुळे भाऊ मालकांसमोर येऊन उभे राहणार, आणि वर्षभर काय केलंत, हा प्रश्न त्यांच्या मागोमाग येणार. शिवाय एवढ्या लोकांत फसवलं म्हणून कबूल करायचं! नाही म्हणावं, तर विभाग जाणार. शंकूने पडद्याकडे पाहिलं. मनोरा फार सुंदर दिसत होता. इतका चांगला चार्ट त्याच्या हातून कधी झाला नव्हता.

"छे, छे," तो म्हणाला. "काही कापलेलं नाही."

बाईंनी चष्मा घातला.

विभाग पुढच्याच आठवड्यात बंद झाला. तक्रारी त्यानंतर खरोखरच शून्यावर आल्या, कारण त्या घ्यायला कुणी उरलं नाही. सेवाप्रमुखाची जागाही मालकांनी रद्द केली. जिथे तक्रार नाही तिथे सेवा कसली? शंकूला मात्र त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही. तळघरातल्या गोदामात दोरखंड आणि कप्प्या मोजायला एक जाणता माणूस हवाच होता.

"बढतीचं काय झालं?" बायकोने विचारलं.

"स्थलांतर झालं," शंकू म्हणाला, आणि नीट समजावून सांगता यावं म्हणून त्याने लॅपटॉप उघडला. मिळणार होती ती खोली, मजला सात. मिळाली ती, मजला उणे एक. दोन खांब आले. पहिला रुबाबात वर गेला. दुसरा आडव्या रेघेखाली लोंबायला लागला.

"हा असा का लटकलाय?"

"थांब जरा." शंकूने अक्षावर दोनदा टिचकी मारली 'किमान'च्या चौकटीत उणे शंभर घातलं आणि आडवी रेघही तिथेच खाली नेली. दोन्ही खांब खोल खालून वर आले आणि जवळजवळ सारख्याच उंचीवर येऊन थांबले. जुळे भाऊ.

"बघ," तो म्हणाला. "काही म्हणता काही फरक नाही."

"खरंच की," बायको म्हणाली. तिने कुंडी उचलून त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. "मग उद्या जाताना ही घेऊन जा. तिथल्या खिडकीत ठेवा."

शंकूने कुंडी जरा बाजूला सरकवली. मग त्याने खांबांना सावली दिली.