बोट न लागलेलं नाणं

म्हाताऱ्याने डबीच्या फटीत नख घातलं आणि झाकण टक्कन उघडलं.

“बाबा, नको!” सून ओल्या हातांनी धावत आली. “अहो, लवकर या, बाबांनी नाणं बाहेर काढलं!”

मुलगा अर्धी दाढी तशीच टाकून आला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आरशासारख्या नाण्यावर बाबांचा अंगठा फिरत होता. नदीवरच्या पुलाला पन्नास वर्षं झाली म्हणून टाकसाळीने हे नाणं काढलं होतं. साधी नाणी सोमवारपासून लोकांच्या खिशात खुळखुळत होती. हे मात्र खास संग्राहकांसाठी घडवलेल्यांतलं, ठशाखालून निघालेलं अगदी पहिलं. ठसा मुलाने कोरला म्हणून ते त्याला मिळालं होतं. नाण्यांच्या व्यापाऱ्याने सहा पगारांइतकी किंमत कबूल केली होती. अट एकच, त्याला बोट लागता कामा नये. आज दुपारी तो न्यायला येणार होता.

“गेले सहा पगार पाण्यात,” सुनेने कपाळाला हात लावला.

“जाऊ देत,” बाबा म्हणाले. “डोळे असते तर डबीतूनच पाहिलं असतं. पूल मी बांधला, माझ्या पोराने कोरला. मी नाही बघायचा तर कोणी?”

मुलगा शेजारी बसला. खरं तर याच घडीची तो दोन वर्षं वाट पाहत होता. गवंड्याचं पोर थापी सोडून चित्रं काढायला लागलं तेव्हा याच बाबांनी म्हटलं होतं, “काकाच्या वळणावर गेलास.” काका म्हणजे घरातली चेष्टा. पुलाचं काम अर्धवट टाकून परमुलखात पळालेला. वर्षातून दोनदा त्याचं पत्र यायचं, बाबा ते आजीला वाचून दाखवायचे. तोंड मात्र त्याने कधी दाखवलं नाही. कामचुकार माणसाला या घरात काकाचंच नाव मिळे.

अंगठा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकला. थांबला. पुन्हा मागे आला.

“सहाच?”

“काय, बाबा?”

“कमानी. सात आहेत.”

मुलाला हसू आलं. टाकसाळीत कोणाच्या लक्षात न आलेलं बाबांनी अंगठ्याने पकडलं होतं. “नाणं केवढंसं! सात घातल्या की रेषा बारीक होतात, वर्षभरात झिजून सपाट. म्हणून पलीकडच्या काठाची गाळली. मोजतंय कोण?”

बाबांनी नाणं मुठीत मिटून घेतलं.

“तिच्याच पायात तुझा काका आहे.”

सून पदराला हात पुसत खाली बसली.

“पायाचं काँक्रीट ओतणं चालू होतं. त्याचा पाय घसरला. कंत्राटदाराने काम थांबवलं नाही. हजेरीपटावर लिहिलं, पळून गेला.” बाबांचा आवाज नेहमीचाच होता. “आईला वाचता येत नव्हतं. पत्रं मीच लिहायचो, मीच वाचायचो.”

मुलाच्या गालावरचा साबण वाळून कातडी ओढत होता, तो पुसायचंही त्याला सुचेना. ती कमान त्याने स्वतःच्या हाताने, खोडरबराने, दोन फटक्यांत पुसली होती. वर फुंकरही मारली होती. लाखो नाणी बाहेर गेली होती, आणि त्यातलं एकही आता परत बोलावता येणार नव्हतं.

“मला का नाही सांगितलंत?”

“तू पूल कोरतोयस म्हणालास. म्हटलं, चला, आता त्याचंही होईल काहीतरी. सांगायची गरज नाही.”

दुपारी व्यापारी आला. भिंग डोळ्याला लावून त्याने नाणं उजेडात तिरकं धरलं आणि जीभ टाळूला लावून चुकचुक केली.

“अंगठा उमटलाय हो. शेवटच्या कमानीपुढे, मोकळ्या जागेत.” त्याने खिशातून मऊ फडकं काढलं. “थांबा, हलक्या हाताने पुसून बघतो. निम्मी किंमत तरी—”

“पुसू नका,” मुलगा म्हणाला.

त्याने नाणं कडांनी धरून परत घेतलं, डबीत ठेवलं, आणि डबी बाबांच्या हातात दिली.