तक्रार का केली नाही?

नणंद दारात चपला काढत होती, तेव्हाच वहिनीच्या कपाळाला आठी पडली. सुट्टीच्या दिवशी, न कळवता, एवढा गोडवा तोंडावर घेऊन ही बाई कामाशिवाय यायची नाही, हे वीस वर्षांच्या संसारात तिला पुरतं कळलं होतं.

"आज पाहणीवाली येईल," पंख्याखाली बसत नणंद म्हणाली. "चिठ्ठीत तुमचं घर निघालंय. उत्तरं तू दे. आणि नीट दे."

नीट म्हणजे कशी, ते विचारायलाच नको. शहरात गुन्हे किती, हे मोजणाऱ्या कार्यालयात नणंद मोठ्या खुर्चीवर होती. तिचं गणित सोपं. तक्रारी घटल्या की गुन्हे घटले! या गल्लीतून वर्षभरात एक तक्रार नाही, तेव्हा इथली गस्तीची गाडी दुसरीकडे हलवा, असं तिनेच सुचवलं होतं. पण नवे साहेब खमके निघाले. नुसत्या तक्रारी मोजून भागणार नाही, घरोघर जाऊन विचारा, मगच गाडीचं बघू, म्हणाले.

आणि तक्रार का नव्हती? नुसत्या आठवणीने वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मंडईमागच्या बोळात दोघांनी तिच्या लेकीला भिंतीशी दाबलं, फोन हिसकावला, बाही फाडली. पोर थरथरत घरी आली, तेव्हा हीच नणंद धावत आली होती. "चौकीत जाऊ नका, पोरीचं नाव खराब होईल. मी बघते," हे हिचेच शब्द. काय बघितलं, तर स्वतःचा आकडा! आपणही मूग गिळून बसलो, याचा तर वहिनीला जास्तच संताप होता. पोर अजून क्लासहून त्याच बोळातून येते. गस्तीच्या गाडीचा दिवा दिसला की मगच आत पाऊल टाकते.

"गाडी गेली तर ती घरी यायची कशी?" वहिनीने विचारलं.

"दुसऱ्या वाटेने येऊ दे."

"दुसरी वाट नाही, ताई. तुम्ही याच घरात वाढलात."

"उगाच राईचा पर्वत करू नकोस."

तेवढ्यात पाहणीवाली आली, घामाघूम, गळ्यात ओळखपत्र. घरात अठराच्या पुढचे कोण कोण, तिने विचारलं. "त्यांतला ज्याचा वाढदिवस सगळ्यांत आधी येतो, त्याच्याशीच बोलायचंय. एकट्याशी."

"माझ्या लेकीचा," वहिनी पटकन म्हणाली. "पुढच्याच आठवड्यात."

"तिचा अभ्यास चाललाय, हिच्याशी बोला," नणंद मध्ये पडली.

पाहणीवाली चाचरली. "मॅडम, आपण माणूस निवडायचा नाही. शिकवताना तुम्हीच बजावलं होतं."

वहिनीला खदखदून हसू आलं. लेक बाहेर आली, पाहणीवालीला आत घेऊन गेली आणि तिने दार लावून घेतलं.

नणंद उठली. वहिनी दाराला पाठ लावून उभी राहिली.

"हो बाजूला. माझ्या भावाचं घर आहे हे."

"मग भावाला फोन लावा की! सांगा, तुझ्या लेकीचं तोंड दाबायला आलेय म्हणून."

नणंदेने फोन हातात घेतला, पण लावला नाही. वहिनी तावात उभी होती खरी, आतून मात्र धास्तावली होती. गप्प बस, गप्प बस म्हणून आपणच पोरीच्या कानीकपाळी ओरडलो. आता ती गप्पच राहिली तर? गाडी जाईल, आणि बोळ तेवढा राहील.

दार उघडलं. पाहणीवाली खाली मान घालून निघून गेली.

"काय सांगितलंस?" नणंदेने विचारलं.

"सगळं. बोळ, ते दोघं, फोन, बाही." लेकीचा आवाज जराही कापला नाही. "'तक्रार का केली नाही?' याला तुमच्या प्रश्नावलीत तू पाच पर्याय दिलेस, आत्या. वेळ नव्हता, भरवसा नव्हता, असले. त्यात तू नव्हतीस. मग मी 'इतर'मध्ये लिहायला लावलं."

"शाब्बास!" वहिनी म्हणाली.

"दोघींबद्दल लिहिलंय, आई. आत्याने गप्प केलं आणि आईने ऐकलं."

वहिनीचं हसू जागच्या जागी विरलं.

"मी चौकीत चाललेय," लेक म्हणाली. "येतेस, की एकटी जाऊ?"

वहिनी दाराकडे गेली. नणंदेच्या चपला तिने पायाने बाजूला सारल्या आणि स्वतःच्या शोधू लागली.