भट्टीतले पाव

घड्याळसाहेबांनी डॉक्टरांचा अहवाल टेबलावर पुढे सरकवला आणि तो उडून जाणार असल्यासारखी त्यावर चष्म्याची डबी ठेवली.

"घोडं इथंच अडतंय, बाई," ते म्हणाले. "अंगावर साधा ओरखडासुद्धा नाही."

वकिलांनी त्यांना 'घड्याळसाहेब' हे नाव ठेवलं होतं ते काही उगाच नाही. आजवर ते कोर्टात मिनिटभरही उशिरा बसले नव्हते, आणि उशिरा येणाऱ्या वकिलाची गयही केली नव्हती. अपील ऐकणाऱ्या दोघांत ते थोरले. समोर बसलेल्या न्यायाधीश बाई नव्या. दुपारची सुट्टी होती. बाईंचं जेवण झालं होतं. साहेबांचा डबा खिडकीत तसाच होता, झाकणसुद्धा न उघडलेला.

"ती डॉक्टरकडे गेलीच मुळी आठवड्यानंतर," बाई म्हणाल्या. "ओरखडा राहील कसा? आणि डॉक्टर तरी काय म्हणतात? झालं असं सांगता येत नाही, झालं नाही असंही सांगता येत नाही. हा अहवाल मुका आहे, साहेब. मुक्याला आरोपीचा साक्षीदार कसं करायचं?"

"वकिली सुटली नाही तुमची अजून," साहेब हसले.

खटला एका बेकरीतला. तिथे कामाला असलेल्या तरुणीवर मालकाने मैद्याच्या पोत्यांच्या खोलीत बळजबरी केली, असं तिचं म्हणणं. पाहणारं कोणी नव्हतं. खालच्या कोर्टाने तिच्या शब्दावर विश्वास ठेवून मालकाला शिक्षा दिली होती, आणि मालक अपिलात आला होता. तिचा शब्द टिकला तर तो तुरुंगात राहणार. नाही टिकला तर तो पुन्हा बेकरी उघडणार आणि ती जन्मभर खोटारडी ठरणार. मधली वाट नव्हती.

"अहवालाचं सोडा एक वेळ," साहेबांनी तिच्या साक्षीवर बोट ठेवलं. "हे बघा. खोलीतून बाहेर आली, हात धुतले आणि भट्टीतले पाव काढले. का, तर म्हणे जळाले असते. ट्रे पुसून जागेवर ठेवले. गिऱ्हाइकाला काय हवं-नको विचारलं. वर आठवडाभर कामावर येत राहिली. असं कोणी वागतं का हो? मी निकालाच्या मसुद्यात लिहिलंय, वर्तन अनैसर्गिक. संशयाचा फायदा द्यावाच लागेल."

"मग कसं वागायला हवं होतं तिनं?"

"ओरडायचं. ते नाही तर निदान रडायचं."

"रडली की. आईनं विचारलं, जेवलीस का गं, तेव्हा. तिथंच सगळं बाहेर पडलं, आणि आईच तिला डॉक्टरकडे घेऊन गेली."

"आठवडाभर टिपूस नाही, आणि जेवलीस का म्हटल्यावर रडू फुटलं! पटतं तुम्हाला?"

बाईंना राग आला, चांगलाच आला. पण निकालाच्या टेबलावर रागाला मत नसतं, म्हणून त्या उलटतपासणीची पानं चाळत राहिल्या. मालकाच्या वकिलाने तिला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला होता, आणि ती दरवेळी तेच सांगत होती.

साहेबांचा फोन वाजला. पलीकडून त्यांच्या मुलीचा आवाज इतका मोठा होता की बाईंना न ऐकण्याचं सोंगही करता आलं नाही.

"बाबा, निघालात का? सगळे थांबलेत. काकांचा चेहरा तुम्ही बघितल्याशिवाय न्यायचं नाही म्हणतात."

"निघतोय, बेटा. ड्रायव्हर जेवतोय. तो आला की निघालोच."

त्यांनी फोन खाली ठेवला आणि डबीतून चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

"साहेब?"

"धाकटा भाऊ," ते म्हणाले. "सकाळी गेला."

"कधी कळलं तुम्हाला?"

"झगा चढवत होतो, तेव्हा."

सकाळभर बाई याच माणसाच्या शेजारी बसल्या होत्या. साहेबांनी एका वकिलाला उशीर झाला म्हणून झापलं होतं, दुसऱ्याची लांबलेली खोकल्याची उबळ संपल्यावर "झाला का युक्तिवाद?" म्हणून सगळ्या कोर्टाला हसवलं होतं.

"आणि तुम्ही तसेच बसलात?"

"मग काय करणार? प्रकरणं लागलेली होती. माणसं लांबून लांबून आलेली, त्यांना काय परत..."

ते मध्येच थांबले. बाईंनी मान वर केली नाही. त्यांच्या बोटाखाली साक्षीचं तेच पान उघडं होतं.

साहेब उठले. कोट घातला, दारापर्यंत गेले. बाईंचं लक्ष खिडकीतल्या डब्याकडे गेलं आणि त्या सहज, घरच्या माणसाला विचारावं तसं बोलून गेल्या,

"अहो साहेब, पण तुम्ही जेवलात का?"

साहेबांचा हात दाराच्या कडीवर होता, तो तिथेच राहिला. आधी खांदे हलले. मग ते दाराकडे तोंड करून हमसून हमसून रडले, लहान मुलासारखे. बाईंनी खुर्ची ओढून त्यांच्यामागे ठेवली आणि पाण्याचा पेला हातात दिला.

बऱ्याच वेळाने त्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

"माझं दुःख हा काही तिचा पुरावा नव्हे, बाई."

"नाही, साहेब."

"पण असं कोणी वागत नाही, हे मी लिहिलंय. ते खोटं आहे. तेवढं खोडा."

बाईंनी मसुदा ओढून घेतला आणि ती ओळ खोडली.

"मग खाली काय उरतं?" साहेबांनी विचारलं.

"तिची साक्ष."

"उलटतपासणीत कुठं हलली?"

"कुठंच नाही."

बाहेर ड्रायव्हरने दार वाजवलं. साहेब उठले, डबा काखोटीला मारला.

"मग लिहायला घ्या," ते म्हणाले. "मी आलो की सही करतो."