टाकलेल्या सामानाची यादी

सासूबाईंनी सुट्या भागांच्या गोदामात बत्तीस वर्षं काढली. त्यातली पहिली एकोणीस अक्षरओळख नसताना. खोक्यावरची चिठ्ठी आणि हातातला कागद चित्रासारखा जुळवायचा, जुळला की खोकं गाडीत. एकही खोकं भलत्या गावी गेलं नाही, हे त्या चारचौघांत सांगत. सून जवळ असली की जरा मोठ्यानं.

आज मात्र सून ऐकायच्या अवस्थेत नव्हती. पुढच्या खोलीत टेबलावर सलाइनचा पंप उघडा पडला होता. नळीतून हवेचा बुडबुडा गेला की त्यानं ओरडायचं, नाहीतर बुडबुडा थेट रोग्याच्या शिरेत. काल तो ओरडत होता. आज सकाळपासून मुका. दोन वाजता डॉक्टर तपासायला येणार होते, आणि "हे काम मी एकटी करीन" असं सुनेनं छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. पंप मुका निघाला की काम दुसऱ्याच्या हाती.

"काल बोलत होता, मग आज काय दृष्ट लागली त्याला?"

"आई, प्लीज."

"अगं, सांगून तर बघ. सांगता सांगता आपलं आपल्याला कळतं."

सून सांगू लागली. प्रोग्राम लिहायचा या मोठ्या कॉम्प्युटरवर, पण चालायचा पंपातल्या नखाएवढ्या चिपमध्ये. म्हणून त्याचं भाषांतर करणाऱ्या कंपायलरला आधी बजावायचं, की बाबा रे, तुला कळेल असं नको, तिला कळेल असं लिही. मग लिंकर. तो सगळे तुकडे गोळा करून चिपच्या जागेत रचतो. काल संध्याकाळी थोडं नवं काम जोडलं, तर सामान जागेत मावेना. सकाळी तिनं लिंकरच्या सेटिंगमध्ये सांगितलं, ज्या तुकड्याला दुसरा कुठलाच तुकडा हाक मारत नाही, तो टाकून दे. मावलं सगळं.

"म्हणजे हा आमच्याच खात्यातला. पॅकिंगवाला. टाकलेल्याची यादी दिली का त्यानं?"

"दिली ना, अकरा पानं. बघितली मी. सगळा कचरा आहे."

"बघितलीस, की वाचलीस?"

सुनेनं यादी पुन्हा उघडली. कालचं आणि आजचं तिनं कॉम्प्युटरकडून ताडून घेतलं होतं, पण सगळ्यांच्याच जागा सरकलेल्या, त्यामुळे त्याला ओळ न् ओळ वेगळी दिसत होती.

"छाप ती यादी. आणि ओरडण्याशी ज्यांचा संबंध आहे ती नावं मला ठळक लिहून दे."

"इंग्रजी आहे ते, आई."

"मला तर एकोणीस वर्षं कुठलीच वाचता येत नव्हती!"

सुनेनं नऊ नावं लिहून दिली. सासूबाईंनी चष्मा पुसला, ओळीखाली पट्टी धरली आणि एकेक ओळ खाली सरकू लागल्या. सून घड्याळाकडे बघत होती. साडेबारा वाजले. एक वाजला.

"हे घे. सातवं पान, खालून चौथी ओळ. तुझ्या कागदावरचं सहावं."

सुनेनं कपाळावर हात मारला. "बुडबुड्याचा अलार्म! चालू होताना चिप एका फळीवरून, म्हणजे ठरलेल्या जागेवरून, सगळे अलार्म उचलते. बाकीच्यांना आणखी कुठून तरी हाक असते. याला नावानं कुणीच हाक मारत नाही."

"आग विझवायच्या नळकांड्यालाही वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. म्हणून भंगारात काढायचं? आमच्याकडे त्यावर लाल चिठ्ठी असायची, 'हलवू नये'."

"लिंकरच्या फाइलमध्येही तशी चिठ्ठी लावता येते."

तिनं त्या फळीला 'राखून ठेव' अशा अर्थाचा एकच शब्द लावला. सासूबाई मागून वाकल्या. "आता मावेल का गं?"

"मावलं! दोनशे बाइट शिल्लक."

नळीत बुडबुडा सोडला, तसा पंप असा किंचाळला की शेजारच्या काकू खिडकीत आल्या.

दोन वाजता डॉक्टर आले आणि त्यांनी तीनदा बुडबुडा सोडला. तीनदा पंप ओरडला.

"एकटीनं केलंत हे?"

"नाही," सून म्हणाली. "चूक आमच्या आईंनी पकडली."

"त्याही इंजिनीअर?"

"छे हो, मी गोदामातली," सासूबाई म्हणाल्या. "प्रोग्राम हिचाच, अक्षर न् अक्षर. मी नुसती खोकी जुळवली." पण मान ताठ झाली होती.

सुनेनं सातवं पान पुढे केलं. "सही करा, आई. वाचलं कुणी, ते फाइलला राहू दे."

सासूबाईंनी पेन घेतलं आणि एकेक अक्षर सावकाश काढू लागल्या. डॉक्टर बॅग उचलून उठले.

"जरा थांबा, डॉक्टर," सून म्हणाली. "अजून आडनाव व्हायचंय."