थंड इंजिनाचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. 'जुनी' हा शब्द मी मुद्दाम पहिल्याच वाक्यात वापरते, कारण राजकोटच्या ज्या डेल्यात मी उभी असते तिथे तो उच्चारायला बंदी आहे. डेलो म्हणजे मोठं फाटक असलेलं आवार. या आवारात गाड्या जुन्या नसतात, वापरलेल्याही नसतात, त्या 'सांभाळलेल्या' असतात. मला कुणी कसं सांभाळलं ते सांगते. मध्येच एका गृहस्थांविषयी माझा सूर कडवट होईल. तो तसाच राहू द्या. तो कडवटपणा मी बरीच वर्षं जपून ठेवला आहे.

मी लहान बांध्याची एसयूव्ही. म्हणजे दिसायला जीप, स्वभावाने घरगुती आणि जाहिरातीत डोंगरमाथ्यावर. प्रत्यक्षात डोंगर मी अजून पाहिलेला नाही. कारखान्यातून निघाले ती थेट वडोदऱ्याला प्राध्यापक मुकुंदभाईंच्या घरी आले. मुकुंदभाई वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचलेला मी पाहिलेला तो एकमेव माणूस. तेल वेळेवर बदलायचे. सकाळी इंजिन सुरू केल्यावर लगेच रेस द्यायचे नाहीत, म्हणायचे, "झोपेतून उठलेल्याला पाणी तरी पिऊ द्यावं." मी त्यांच्याकडे सुखात होते. सुखाबद्दल लिहिण्यासारखं फारसं नसतं, म्हणून पुढे जाते.

एका पावसाळ्यात विश्वामित्री नदी शहरात शिरली. गल्लीत मगर आली. लोक गच्चीवर जाऊन तिचे फोटो काढू लागले. मी तळघरात छपरापर्यंत बुडाले होते; माझे फोटो नंतर विमावाल्यांनी काढले. त्यांनी मला मृत ठरवलं. मुकुंदभाईंनी माझ्या टपावर हात ठेवला, चष्मा पुसला आणि कागदावर सही केली. माझी रवानगी भंगाराच्या लिलावात झाली. मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी एक सभ्य मोटार म्हणून मेले असते.

पण लिलावात रसिकभाई वेकरिया आले होते.

रसिकभाईंनी मला राजकोटला आणलं आणि माझ्यावर संस्कार केले. गाद्या धुतल्या, गालिचे बदलले आणि मोगऱ्याचं अत्तर इतकं मारलं की गाळाचा वास लाजून सीटखाली जाऊन बसला. किलोमीटरचा आकडा मागे फिरवला. एका दुपारीत मी तरुण झाले. पाण्यात खराब झालेली एअरबॅग काढून टाकली आणि तिच्या जागी स्पंज भरून वर झाकण चिकटवलं. तिच्या बिघाडाचा दिवा सारखा लागायचा, तर त्यांनी बॅग दुरुस्त करण्याऐवजी दिवा काढला. इंजिनात सरबताच्या पाकासारखं दाट तेल ओतलं, म्हणजे आतली खडखड ऐकू येऊ नये. आणि काचेवर कागद चिकटवला: 'एकाच हातातली, डॉक्टरांची गाडी.' मुकुंदभाईंना डॉक्टरेट होती, त्यामुळे हे वाक्य काही अगदीच खोटं नव्हतं. रसिकभाईंचं कुठलंच वाक्य अगदीच खोटं नसतं, म्हणून तर त्यांना पकडणं अवघड.

सगळ्यात मोठी कला सकाळची. थंड इंजिन खोटं बोलू शकत नाही, मित्रांनो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची किल्ली फिरवली की आतला सगळा आजार एका क्षणात बाहेर पडतो, निळा धूर, साखळीची खडखड, थरथर. इंजिन तापलं की तेच आजारी इंजिन गोड बोलू लागतं. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी रसिकभाई एका हाताने फाफडा खात दुसऱ्या हाताने मला सुरू करायचे, धूर निघून जाईपर्यंत रेस द्यायचे आणि मग बंद करून फडकं मारायचे. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "बघा, सकाळपासून हात लावला नाही."

मला पहिल्यांदा घेतलं हकाभाई आचाऱ्यांनी. लग्नाच्या पंगतींची कामं करायचे. माझ्यात पातेली आणि मसाल्याचे डबे भरून ते एका लग्नाला निघाले आणि चोटीलाच्या चढावर मी दम तोडला. तिकडे वरात आली, चुली थंड. त्या दिवसापासून हकाभाईंचं नाव 'भुकेलं लग्न' पडलं. पुढचा अख्खा मोसम त्यांना कुणी बोलावलं नाही. त्यांनी मला लाथ मारली. लाथ मला बसली, रसिकभाईंना नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

हकाभाई भांडायला आले तेव्हा रसिकभाई त्यांना थंड ताक पाजून म्हणाले, "हकाभाई, मशीन आहे. माणसाचा भरवसा नाही, मशीनचा कुठून धरायचा? सोडून जा, तुमच्यासाठी म्हणून मी परत घेतो." आणि भंगाराच्या भावात मला परत घेतलं, पुन्हा अत्तर मारलं, पुन्हा विकलं. त्यानंतरच्या माणसाचंही तेच झालं. डेल्यात रसिकभाई माझ्या बॉनेटवर थाप मारून मित्रांना सांगायचे, "ही आपली दुभती म्हैस. विकली जाते, परत येते, पुन्हा दूध देते."

ती थाप मी मोजून ठेवली नाही. पण विसरलेही नाही.

प्रत्येक विक्रीच्या वेळी वरच्या मजल्यावरून रेखाबेन खाली यायच्या. त्या रसिकभाईंच्या पत्नी. देवभोळ्या, हसऱ्या. कुंकवाची वाटी घेऊन माझ्या बॉनेटवर साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढायच्या, नारळ फोडायच्या आणि नव्या मालकाला म्हणायच्या, "सुखी राहा हं, भाई." त्या अगदी मनापासून म्हणायच्या. रसिकभाईंच्या धंद्यातली सगळ्यात पटणारी गोष्ट तीच होती आणि तीच त्यांना फुकट मिळत होती.

मग डिसेंबरात कमुरता जवळ आले. कमुरत्यांच्या महिन्यात इकडे कुणी घर घेत नाही, लग्न करत नाही, गाडी तर नाहीच. त्यामुळे आधीच्या आठवड्यात डेल्यात झुंबड उडते आणि घाईतलं गिऱ्हाईक हे रसिकभाईंचं आवडतं गिऱ्हाईक.

अशा घाईत मीनळबेन आल्या. गुरांच्या डॉक्टर. नुकतीच त्यांची बदली हळवदला झाली होती, रणाच्या, म्हणजे खाऱ्या वाळवंटाच्या काठावर. गावं लांब लांब, मध्ये मोकळी जमीन, फोनला रेंज नाही. म्हैस अडली की एकटीने गाडी काढून जायचं. मी त्यांना पाहिलं आणि मला धसकाच बसला. त्या चांगल्या होत्या, माझ्याशी चांगल्या वागल्या असत्या. पण मी त्यांना त्या मोकळ्या जमिनीच्या मधोमध नेऊन बंद पडले असते आणि ठोकले असते तर त्यांच्यापुढे एअरबॅगऐवजी स्पंज असता. माझ्याकडून आजवर पंगती उपाशी राहिल्या होत्या. आता कुणाचा तरी जीव जाणार होता.

रसिकभाईंनी गुरुवारी सकाळी अकराला या म्हणून सांगितलं. मला फाफड्याबरोबर रेस मिळाली, मी गोड झाले. अकरा वाजले, बारा वाजले, कुणी आलं नाही. मीनळबेनच्या आई, प्रभाबा, यांनी पंचांग उघडून चोघडिया, म्हणजे दिवसाच्या शुभ-अशुभ वेळा, बघितल्या होत्या. फोनवर रसिकभाईंचा आवाज मला ऐकू येत होता.

"बा, अकराला चल चोघडियं आहे. वाहनाला चलच चांगलं. नावातच चाल आहे!"

पलीकडून काय उत्तर आलं ते रसिकभाईंनीच नंतर चिडून सगळ्यांना सांगितलं: "म्हातारी म्हणते, चालणारी वस्तू चालती होते, मला टिकणारी हवी. चारनंतर येतील. नाहीतर उद्या."

एक वाजला आणि राजकोट झोपलं. या शहरात दुपारी दुकानं बंद होतात, रस्ते ओस पडतात आणि माणसं पंख्याखाली आडवी होतात. दुपारी एक ते चार इथे चोरही येत नाहीत. त्यांनाही झोप असते. रसिकभाईंनी फोन बंद केला, शर्ट खुंटीला टांगला आणि डेल्याच्या मागच्या केबिनमध्ये सोफ्यावर पडले. थंडीचे दिवस. मी हळूहळू गार झाले. अगदी गार.

दोनला फाटक वाजलं. प्रभाबा आणि मीनळबेन.

रेखाबेन वरून खाली आल्या. "अरे बा, आत्ता? हे तर झोपलेत. साडेतीनला चहा झाल्याशिवाय उठत नाहीत, आभाळ कोसळलं तरी."

"मला ठाऊक आहे, बेटा," प्रभाबा म्हणाल्या. "पण आत्ता अमृत चोघडियं लागलंय. साडेतीनला काळ येतो. काळात मी मुलीला गाडीत बसवू?"

मित्रांनो, जगातल्या दुसऱ्या कुठल्याही शहरात रेखाबेननी 'नंतर या' म्हटलं असतं. पण कुणाचं अमृत चोघडियं आपल्या दारात अडवायचं, हे पाप त्यांच्या हातून होणं शक्यच नव्हतं. झोप नवऱ्याची, मुहूर्त देवाचा. त्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावरून किल्ली घेऊन आल्या. सोबत कुंकवाची वाटी. "घ्या बेन. तुम्ही बघून घ्या, मी तोवर साथिया काढते."

मीनळबेननी आधी माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला. "गार आहे. छान."

"गार असलेली छान?" प्रभाबा म्हणाल्या.

"बा, बाजारात म्हैस विकायला आणतात तेव्हा आदल्या दिवसापासून दूध काढत नाहीत. कास भरलेली दिसावी म्हणून. मी नेहमी न सांगता जाते."

मग त्या आत बसल्या आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. रसिकभाईंनी बेल्टचा दिसणारा भाग धुतला होता. न दिसणारा भाग त्यांच्या हिशेबात नव्हता. मी शेवटची वीत अडवून धरू शकले असते, बेल्ट जुने झाले की अडकतातच. मी सोडला. टोकाला विश्वामित्रीची गाळाची रेघ जशीच्या तशी होती.

मीनळबेननी त्या रेघेवरून नख फिरवलं. त्यांनी किल्ली अर्धी फिरवली आणि समोरचे दिवे बघत बसल्या. प्रत्येक दिवा एकदा लागतो आणि विझतो, तो तब्येत ठीक असल्याचा खुलासा असतो. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही.

"बा," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा. मागे."

आणि किल्ली पूर्ण फिरवली.

मित्रांनो, मी त्या क्षणासाठी जगत होते असं म्हणायला हरकत नाही. हकाभाईंची लाथ, स्पंज, मागे फिरवलेला आकडा, बॉनेटवरच्या थापा, सगळं एकदम घशाशी आलं. मी खोकले. साखळी अशी खडखडली की फाटकावरची कबुतरं उडाली. आणि धूर! निळा, दाट, आंबट धूर. तो रेखाबेनच्या कुंकवावरून गेला, फाटकापर्यंत गेला, वळला आणि केबिनच्या खिडकीतून आत शिरला. मी वळवला नाही. वाराच तसा होता. मी फक्त आभारी आहे.

केबिनचं दार उघडलं. गंजीफ्रॉकवर, अर्धवट झोपेत, डोळे चोळत रसिकभाई बाहेर आले आणि ओरडले,

"कोणी थंडच चालू केली हिला? किती वेळा सांगितलंय, गिऱ्हाईक यायच्या आत गरम करून ठेवायची असते!"

डेल्यात फक्त माझी खडखड ऐकू येत होती.

"भाई," प्रभाबा म्हणाल्या, "गिऱ्हाईक आलंय."

रसिकभाईंची झोप उतरली. हसू आलं, ते नेहमीचं. "बा, डिझेल आहे. डिझेलचा स्वभावच असा, थोडा कफ..."

"मी गुरांची डॉक्टर आहे, रसिकभाई," मीनळबेन खाली उतरत म्हणाल्या. "कफ मला कळतो. ही गाडी बुडालेली आहे. हिच्यात एअरबॅग नाही. मी यातून रणात जाणार होते, आणि तुम्हाला हे माहीत होतं." त्यांनी किल्ली रेखाबेनच्या हातात ठेवली. "तुम्ही सांभाळलेला मुहूर्त मात्र खरा होता, बेन."

त्या दोघी गेल्या. रेखाबेन अर्ध्या काढलेल्या साथियापाशी उभ्या राहिल्या.

"ही तीच गाडी ना? हकाभाईंची?"

"आता तू सुरू होऊ नकोस. धंदा आहे."

"हिच्यावर दर वेळी कुंकू कोणी लावलं?"

"तू."

"आणि मी काय म्हणत होते त्यांना?"

रसिकभाई शर्ट घ्यायला केबिनकडे वळले.

"बोला ना. काय म्हणत होते?"

"सुखी राहा म्हणत होतीस."

रेखाबेननी पदराने साथिया पुसला. मग त्यांनी बाधा, म्हणजे एखादी गोष्ट सोडण्याची देवापुढची शपथ, घेतली, मोठ्याने, केबिनमधल्या देवीच्या फोटोकडे बघून: ही गाडी दुसऱ्या कुणाला विकली गेली तर आपल्याला चहा वर्ज्य, आणि आपल्याला म्हणजे या अख्ख्या घराला. गाडी फुकट उभीही राहणार नाही. डॉक्टरांची, सांभाळलेली, भरवशाची आहे ना, तर रसिकभाईंनी स्वतः वापरायची. जामनगरला रेखाबेनच्या माहेरी, लिलावांना, लग्नांना, सगळीकडे.

"आणि तू?"

"मी एसटीने येईन."

काठियावाडी माणूस पैसा सोडेल. दुपारच्या झोपेनंतरचा चहा सोडणार नाही. म्हणून मी आता रसिकभाईंची गाडी आहे.

मित्रांनो, तुमच्या घरासाठी कधी माझ्यासारखी गाडी बघायला जाणार असाल, तर न सांगता जा, गार असताना जा. बॉनेटवर हात ठेवा. बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आणि किल्ली फिरवताना दिव्यांकडे बघा. जी गाडी चांगल्या माणसाकडे असेल तिची काळजी घ्या; तिच्या मनात काही साठत नाही.

माझं वेगळं आहे. रसिकभाईंना आज जामनगरला साडूच्या मुलीच्या साखरपुड्याला वेळेवर पोचायचं आहे. जिन्यावरून त्यांच्या चपला ऐकू येत आहेत. सकाळची थंडी आहे. किल्ली लावण्याआधी हल्ली ते हात जोडतात.

जोडू देत. ध्रोलच्या पुढे एक लांब, सरळ, ओसाड पट्टा आहे. मी जागा बघून ठेवली आहे.