वेल्डरचं बिऱ्हाड

पाहुण्याला आधी वाढावं, ही रीत. या परक्या देशात मात्र सरकार पाहुण्याच्या ताटातला पहिला घासच उचले. इथं बिऱ्हाड असलेल्याला कर कमी; तात्पुरत्या परवान्यावरच्या वेल्डरला पहिल्या पगारापासून चढा. पण बिऱ्हाड इथंच थाटलंय असं त्यानं दाखवलं, तर जादा कापलेलं परत मिळे. त्यातून घरी जायचं तिकीट निघणार होतं. थोडक्यात, घरी जायला घर इथंच असल्याचं सिद्ध करायचं होतं.

"दाजी, तुम्ही खोलीत बसलात तरी बसची वाट बघताय असं वाटतं," खोलीत सोबत राहणारा मेहुणा म्हणाला. "जरा रुजल्यासारखे दिसा."

मग पडदे आले, सोफा आला, फुलाफुलांचे दोन कप आले. एक फोटोफ्रेमही आली. तिच्यात दुकानातूनच आलेलं छापील हसरं कुटुंब काढायचं राहूनच गेलं.

तपासायला आलेल्या कर अधिकाऱ्यानं नेमकी तीच उचलली. "हे कोण?"

"लांबचे नातेवाईक," वेल्डर म्हणाला.

"माझ्याही घरी हेच आहेत."

"म्हणजे आपण नात्यातलेच निघालो की!" मेहुणा म्हणाला. अधिकाऱ्याला हे नाकारता येईना.

काम जवळजवळ फत्ते झालं होतं. फक्त बायकोचा जबाब उरला. अधिकाऱ्यानं तिला व्हिडिओ कॉल लावून खोली दाखवली. "यांचं बिऱ्हाड आता इथंच, बरोबर?"

"पडदे कुणी निवडले?" बायको म्हणाली.

"ताई, अगं ऐक..."

"तू गप! तुझ्याकडे नंतर बघते. आणि कप दोन कशाला? साहेब, नीट लिहून घ्या. हा माणूस माझा आहे. तिकडे फक्त कामाला पाठवलाय. चांगले शर्ट इथं कपाटात आहेत, तिकडे विटकेच नेलेत. बघा बॅग उघडून!"

अधिकाऱ्यानं बॅग उघडली. एकाही शर्टाची कॉलर धड नव्हती.

"असा भक्कम पुरावा क्वचितच मिळतो," तो आदरानं म्हणाला आणि चढा दर कायम करून निघून गेला.

आपल्याला इतक्या ठणकावून कुणी आपलं म्हटलेलं वेल्डरनं आजवर ऐकलं नव्हतं. त्याला भरून आलं.

"बरं, ते सोडा," बायकोचा आवाज मऊ झाला. "येताय कधी?"

मेहुण्यानं तोंड फिरवलं.

"येणारच होतो," वेल्डर म्हणाला, "आत्ता, तू फोन उचलेपर्यंत."