मान टाका

शिलाई मशीनवर वर्षानुवर्षं मान खाली घालून मला चक्कर यायला लागली, आणि परवा नातवाला घेऊन जिना उतरताना भिंतीच फिरल्या. तेव्हापासून लेक बाळाला माझ्या हातात देईना. मानेवर उपचार करणाऱ्या बाईंच्या टेबलावर मी उताणी झोपले ती त्याच धास्तीने.

डोक्याखाली दोन्ही हात घालून त्या म्हणाल्या, “मावशी, मान टाका.”

मी मान आणखीच ताठ केली.

शेजारच्या खुर्चीतून जाऊबाई म्हणाल्या, “अहो, हिने मान टाकू नये म्हणून तर आणलंय इथे!”

“सैल सोडा, एवढंच,” बाई हसल्या. “मी धरलंय.”

पण मान काही सुटेना. छत कलंडायला लागलं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिले.

“मावशी, मनात काही म्हणताय का? तुमचा गळा हलतोय. त्याने मान घट्ट होतेय. जरा थांबवाल?”

ऐन भीतीत नाव सोडायचं? माझ्या नेमात तापानेही कधी खंड पडला नव्हता. पण बाळाचे पसरलेले हात डोळ्यांपुढे आले. देवा, आता तूच सांभाळ, म्हटलं आणि गप्प झाले.

डोकं जड होऊन त्यांच्या हातांत गेलं. त्यांनी ते अगदी सावकाश वळवलं. छत कलंडलं, थबकलं आणि जागेवर राहिलं.

“अगं, मनगट सोड माझं!” जाऊबाई कळवळल्या.

“आता दुसरी बाजू,” बाई म्हणाल्या.

धास्ती होतीच. तरी मी डोकं त्यांच्या हातांत राहू दिलं.